भुजंगप्रयातात हरवलेली वही

परीक्षेच्या सुपरव्हिजनला उभ्या असलेल्या शिक्षकाला करण्यासारखं काहीही नसतं. वाचायचं नाही, पेपर तपासायचे नाहीत, फोन ऑफिसात जमा, आणि बसलेलं तर कुणाला दिसायचंच नाही. बैठक क्रमांक बघून उत्तरपत्रिकांवर सह्या झाल्या आहेत, पुरवणी मागणारे हात अजून वर यायचे आहेत, अशा मधल्या वेळात माणूस भिंतीचे पोपडे मोजतो. मी अक्षरं मोजायला लागलो. शाळेवरच्या माझ्या बहुतेक विनोदी कविता अशा येरझाऱ्यांत झाल्या आहेत, कागदाशिवाय, बोटांवर.

मराठी शिकवतो, त्यामुळे वृत्तं डोक्यात घोळत असतातच. दर वर्षी फळ्यावर ‘यमाताराजभानसलगा’ लिहायचं आणि त्यातून आठ गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, काढून दाखवायचे. ज्या गणाचा क्रम हवा त्याच्या अक्षरापासून तीन अक्षरं उचलायची. ‘य’ हवा तर ‘यमाता’, म्हणजे लघु, गुरू, गुरू; एक आखूड अक्षर आणि दोन लांब. असे चार ‘य’ लागोपाठ आले की बारा अक्षरांचा भुजंगप्रयात. मुलांना हे परीक्षेपुरतं पाठ असतं आणि परीक्षा संपली की तेही नसतं.

बोटांवर मोजण्यात एक धोका निघाला. बहुपर्यायी प्रश्न सुरू होते आणि मी अंगठ्याने पेरं मोजत तिसऱ्यावर अडलो होतो. पहिल्या बाकावरच्या मुलाने माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मान खाली घालून काहीतरी खोडून पुन्हा लिहिलं. त्याने पर्याय तीन केला असावा असा मला दाट संशय आहे. तेव्हापासून मी हात पाठीमागे बांधून कविता करतो. बघणाऱ्याला वाटतं, सर फार कडक आहेत.

पहिली धड जमलेली कविता वहीची. गृहपाठाची वही न आणण्याची कारणं हा कुठल्याही शिक्षकाचा राखीव साठा. आधी मी ती कारणं मुक्तछंदात मांडून पाहिली. वाचल्यावर ती निव्वळ तक्रार वाटली, जशी स्टाफरूममध्ये रोज होते तशी. त्यात हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग तोच मजकूर भुजंगप्रयातात घातला:

वही आणली का? घरी राहिली हो
घरी का? तिथेही कुणी पाहिली हो?
भिजे, फाटते, कोपऱ्याशी दडे ती
परी मास्तरांच्या न हाती पडे ती

यात मी नवं काय सांगितलं? काहीच नाही. पण भुजंगप्रयात मराठी कानाला फार ओळखीचा आहे. रामदासांचे मनाचे श्लोक, दोनशे पाचच्या दोनशे पाच, याच चालीत आहेत. ती चाल सुरू झाली की ऐकणारा आपोआप हात जोडण्याच्या बेतात येतो, आता काहीतरी वैराग्याचं कानावर पडणार म्हणून सावरून बसतो, आणि समोर येते हरवलेली वही. हसू त्या सावरून बसण्याचं असतं. वृत्त म्हणजे मुख्याध्यापक आणि ओळ म्हणजे शेवटच्या बाकावरचं कार्टं. मुख्याध्यापक जितके गंभीर, तितकं कार्ट्याचं शोभून दिसतं. म्हणून विनोदी कवितेत वृत्त ढिलं सोडून चालत नाही. गंभीर कवितेत एखादी मात्रा सांडली तर वाचक भावनेच्या भरात खपवून घेतो. इथे सांडली की विनोदच मेला.

हे सगळं मला स्टाफरूममध्ये पटलं. मधल्या सुट्टीत मी वही वाचून दाखवली, तेव्हा चित्रकलेचे सर हसले, भूगोलाच्या बाई हसल्या, संस्कृतच्या बाई मात्र डोळे मिटून टेबलावर बोटं आपटत होत्या. मला वाटलं, दाद देतायत. त्या मात्रा तपासत होत्या. चारही ओळी झाल्यावर डोळे उघडून म्हणाल्या, “बरोबर आहे.” एवढंच. हसल्या नाहीत. पण त्यांचं ‘बरोबर आहे’ माझ्या लेखी इतरांच्या हशापेक्षा मोठं होतं, कारण त्याच बाईंनी स्नेहसंमेलनाच्या स्वागतगीतात अकरा ठिकाणी लाल पेन चालवला होता आणि गीत मुख्याध्यापकांनी लिहिलेलं होतं.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, “सर, शिक्षकाने असं थिल्लर लिहू नये. मुलं डोक्यावर बसतात.” त्यांच्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नव्हती. मी फक्त म्हटलं की आचार्य अत्रेही शिक्षक होते, मुख्याध्यापक होते, आणि ‘केशवकुमार’ नावाने विडंबनं लिहिणारा हाच माणूस पुढे मुलांसाठी वाचनमालाही तयार करत होता. ते म्हणाले, “ते अत्रे होते.” याला उत्तर नाही.

दुसरा साठा सापडला तो शाळेच्या भाषेत. शाळा स्वतःची अशी एक भाषा बोलते आणि ती बोलताना कुणाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. ‘प्रगती समाधानकारक, अधिक प्रयत्नांस वाव आहे.’ ‘पोटदुखीमुळे कालच्या सहलीस येऊ शकलो परंतु आज शाळेत येऊ शकत नाही, तरी रजा मंजूर व्हावी.’ ‘सर्व वर्गशिक्षकांना सूचित करण्यात येते की…’ यातलं प्रत्येक वाक्य अर्धी कविता असतं, आपण फक्त उरलेलं अर्धं घालायचं. मी डायरीच्या शेवटच्या पानावर अशी वाक्यं टिपून ठेवायला लागलो. स्वतःची कल्पना लढवून लिहिलेल्या ओळींपेक्षा या उचललेल्या ओळी नेहमीच जास्त चालल्या. माझ्यातला कवी याने थोडा दुखावतो, पण वस्तुस्थिती आहे.

त्यातली सर्वांत कामी आलेली ओळ दोन शब्दांची आहे: ‘सही करा.’ शिक्षकांनाच तिचं दुःख कळेल. दिवसभरात एक तास मोकळा असतो. त्या तासाला वह्या तपासायच्या, पाणी प्यायचं, पाय लांब करायचे असा बेत सकाळपासून शिजत असतो. आणि तेवढ्यात दारात बदली तासांची वही घेऊन शिपाई उभा राहतो. तो कधी वाद घालत नाही, समजूत काढत नाही. वही उघडून पुढे करतो, बोट ठेवून जागा दाखवतो आणि ते दोन शब्द म्हणतो. या प्रसंगाला अभंगच हवा होता. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक, आणि शेवटचा आखूड चरण जिथे सगळं येऊन आदळतं:

लागला मोकळा । तास एक आज ।
आला तो आवाज । सही करा ॥

आठवी ब वर्ग । बाई रजेवर ।
जावे लवकर । आपणच ॥

कोणता विषय । पुसू नये काही ।
शिकवणे नाही । गप्प ठेवा ॥

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. अभंगाचा चौथा चरण चार अक्षरांत संपतो, तिथे स्पष्टीकरणाला जागाच नसते. मी लिहीत असलो की मला स्पष्टीकरणाची हौस येते, व्यवसायच तसा. ‘गप्प ठेवा’ नंतर मला बदली तासांच्या एकूण निरर्थकतेवर आणखी दोन कडवी लिहायची होती. लिहिलीही. मग काढली. ‘गप्प ठेवा’ म्हटल्यावर आपणही गप्प बसावं हे बरं.

कशावर लिहायचं नाही हेही हळूहळू ठरत गेलं, आणि याबाबतीत मी फार कर्मठ आहे. मुलाचे गुण, मुलाचं बोलणं, अंगकाठी, कपडे, घर यांवर एक ओळही नाही. वर्गात शिक्षक हसवतो तेव्हा ज्याच्यावर हसू येतं त्याला उठून जाता येत नाही. मित्रांच्या कट्ट्यावर तो उलट टोला तरी हाणू शकतो. पहिल्या तासाला रोज डुलक्या देणाऱ्या एका मुलावर माझ्याकडे चांगली दोन कडवी होऊ घातली होती. त्याची मान कशी अंशाअंशाने कलते, भूमितीच्या सरांना कोन दाखवायला कशी सोयीची, वगैरे. यमक सुरेख होतं. पण तो मुलगा का पेंगतो हे मला ठाऊक होतं. पहाटे उठून तो कुणाच्या तरी हाताखाली काम करून शाळेत येतो. ते कडवं मी पुरं केलं नाही. कोनाची कल्पना मात्र वाया जाऊ दिली नाही, ती शिक्षक-सभेत पेंगणाऱ्या आम्हा मोठ्यांवर बसवली. तिथे कोन जास्त विशाल होते.

मग विषय सापडू लागले ते वस्तूंवर आणि स्वतःवर. डस्टर, घंटा, हजेरीपट, वेळापत्रक यांना भावना दुखावून घ्यायची सवय नसते. आणि शिक्षक हा प्राणी तर विनोदासाठीच घडवलेला आहे. इंग्रजीच्या मॅडमनी सुचवलं की लिमरिक करून बघा. पाच ओळी, पहिली-दुसरी-पाचवी एका यमकाची, तिसरी-चौथी आखूड आणि वेगळ्या यमकाची. एडवर्ड लिअरने 1846 साली अशा पद्यांचं पुस्तक काढलं आणि हा प्रकार लोकांच्या तोंडी केला. लिअरची एक खोड आहे, शेवटच्या ओळीत तो बऱ्याचदा पहिल्याच ओळीचा शब्द परत आणतो. नंतरच्या लिमरिकवाल्यांनी ती सोडून दिली, त्यांना शेवटी धक्का हवा असतो. मला लिअरची खोड आवडली, कारण शिक्षकही तासाच्या शेवटी सुरुवातीचंच वाक्य म्हणतो:

एका सरांचा एकच नियम,
‘आवाज नको, ठेवा संयम.’
हे सांगायला ते ओरडले,
शेजारचे दोन वर्ग दडले,
घंटेनेसुद्धा पाळला नियम.

मराठीत लिमरिकची मूळ उडती लय काही येत नाही. आपल्या भाषेत इंग्रजीसारखे शब्दावर आघात पडत नाहीत, त्यामुळे ही पाच ओळींची वात्रटिका झाली म्हणा हवं तर. संस्कृतच्या बाईंनी हिच्यासमोर बोटं आपटलीच नाहीत. “याला काय मोजायचं?” म्हणाल्या.

खरी परीक्षा मुलांसमोर झाली. त्यांच्यासाठी गण-बिण बाजूला ठेवून आठ-आठ मात्रांचं पादाकुलक वृत्त घेतलं, लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. ही चाल पावलांत असते, मुलं नकळत बाकावर ठेका धरतात. कविता माझ्यावरच होती:

घंटा झाली तरिसुद्धा सर
फळ्यावरी ते लिहिती भरभर
‘शेवटचा हा मुद्दा’ म्हणती

इथे मी मुद्दाम थांबलो. चौथी ओळ माझ्याकडे होती, पण वर्गाला विचारलं, पुढे काय? बराच गलका झाला. ‘बस चुकते’, ‘भूक लागते’, ‘आम्ही कंटाळतो’. सगळं खरं होतं आणि कशालाच चाल नव्हती. मग खिडकीशी बसणारी, वर्षभर हात वर न केलेली एक मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, “मुद्द्याला त्या मुद्दे फुटती.” मनातल्या मनात मात्रा मोजल्या. आठ आणि आठ. माझी ओळ मी खिशातून बाहेर काढलीच नाही. कवितेच्या खाली आता तिचंही नाव लिहितो, आणि ती हल्ली हात वर करते, मुख्यतः माझ्या ओळीतल्या मात्रा कमी पडल्यात हे सांगायला.

मुलं हसतात त्या जागा आणि मोठी माणसं हसतात त्या जागा वेगळ्या असतात, हे वाचून दाखवल्याशिवाय कळत नाही. वहीच्या कवितेत शिक्षक ‘न हाती पडे ती’ला हसतात, मुलं ‘घरी का?’ला. तो प्रश्न त्यांनी रोज ऐकलेला असतो, अगदी त्याच सुरात. म्हणून मुलांसमोर वाचताना ‘घरी का?’ नंतर थांबावं लागतं, नाहीतर पुढची ओळ हशात बुडते. स्टाफरूममध्ये तिथे थांबलो तर पुढचं विसरलो असं वाटतं. स्वतः हसायचं नाही, हे तर आलंच. एकदा मीच आधी हसलो आणि कविता तिथेच आटोपली. चेहरा असा ठेवायचा की आपण परिपत्रक वाचतोय.

एका तासाला तर कवितेने माझंच शुद्धलेखन काढलं. वृत्तासाठी मी ‘म्हणून’चं ‘म्हणुन’ आणि ‘अजून’चं ‘अजुन’ केलं होतं, कवीला तेवढी सूट असते. फळ्यावर ते लिहिताच मागून आवाज आला, “सर, शुद्धलेखनात तुम्ही याचा अर्धा गुण कापता.” अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटच्या आधीचा, उकार दीर्घ, हा नियम त्याच पोराला मी आठवडाभर आधी शिकवला होता. मी वृत्ताची सूट समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग निबंध वृत्तात लिहिला तर चालेल?” वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी हो म्हणालो. अजून कुणी लिहिलेला नाही, पण त्याची धमकी कायम आहे.

‘म्हणुन’ आणि ‘अजुन’ ज्या कवितेत आहेत ती सध्याची. पालकसभेवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आणि पालकसभेचं गांभीर्य पेलायला भुजंगप्रयात पुरा पडेना. कालिदासाने मेघदूतासाठी वापरलेला मंदाक्रांता काढला. सतरा अक्षरं: आधी चार गुरू, जड पावलांनी, मग एका दमात पाच लघु, आणि पुढे पुन्हा ठाय, म्हणजे संथ, लय. वर्गाच्या दारातून आत येणाऱ्या पालकाची चाल हुबेहूब अशीच असते. पहिल्या दोन ओळी लवकर आल्या:

बाई सांगे, ‘अजुनहि मुला येत नाहीत पाढे’
आई बोले, ‘म्हणुनच दिले दोन वेळांस काढे’

इथे गाडी अडली ती अडलीच. आई आणि बाई दोघींचं बोलून झालं होतं. स्टाफरूमने मदतीला हात दिला. पी.टी.च्या सरांनी मुलालाच मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या, त्या सतरा अक्षरांत मावल्या नाहीत. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, “वडील कुठे आहेत? ते नेहमीसारखे बाहेर फोनवर बोलतायत का?” वडिलांना आत बोलावलं आणि कविता पुढे सरकली:

बाबा बोले, ‘मज न जमले, काय झाले तरीही?’
बाई सांगे, ‘खरच, सतरा येत नाही मलाही’

संस्कृतच्या बाईंची बोटं चौथ्या ओळीच्या शेवटपर्यंत आपटली आणि तिथे त्या पहिल्यांदा हसल्या. गणिताच्या बाई मात्र हसल्या नाहीत. “ही बाई कोण?” त्यांनी विचारलं.

“काल्पनिक आहे,” मी म्हणालो.

“पाढे मीच विचारते. लोकांना काय वाटेल? मला सतरा येतो.” आणि त्यांनी तिथेच, वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून, सतराचा पाढा एका दमात म्हणून दाखवला. सतरा आठे एकशे छत्तीसला क्षणभर आवाज खाली आला असं पी.टी.च्या सरांचं मत आहे, पण ते दाराशी उभे होते.

मग बाईंनी अट घातली. सतराच्या जागी एकोणीस करा, एकोणीस कुणालाच येत नाही, त्यात कमीपणा नाही. मी बोटं मोजून दाखवली. त्या जागी पाच लघु हवेत, ‘खरच’मध्ये तीन, ‘सतरा’त दोन आणि मग गुरू. ‘एकोणीस’ दोन गुरूंनीच सुरू होतो. “मग वृत्त बदला,” त्या म्हणाल्या. सतरासाठी कालिदासाला बदलायचं म्हणजे अतीच झालं, असं संस्कृतच्या बाई मध्ये पडून म्हणाल्या, आणि दोघींची तिथेच जुंपली. तास सुरू झाल्याची घंटा कुणालाही ऐकू आली नाही.

तूर्त तडजोड अशी आहे: सतरा राहील, पण ती ओळ वाचताना मी गणिताच्या बाईंकडे बघायचं नाही, आणि त्यांनी मागितल्यास त्यांना सभेत पाढा म्हणायला दोन मिनिटं द्यायची. कविता पालकांसमोर वाचायची की नाही हे मुख्याध्यापक उद्या सांगणार आहेत. कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आलोय. दुपारी त्यांच्या केबिनवरून गेलो तेव्हा ते ओठ हलवत होते. हसत होते की सतराचा पाढा म्हणून बघत होते, ते बाहेरून काही कळलं नाही.